‘पाखंडी’ गेथ आणि निळा पर्याय : एक आक्षेप

१/
#धागा #इतिहास
आजचा धागा कधीच अस्तित्वात नसलेल्या एका पंथाविषयी आहे. यंत्रांच्या एका काल्पनिक धर्मसमाजात हा लढाऊ पंथ ‘पाखंडी’ ठरवला गेला. इतिहासाच्या विद्यार्थिनीने व्हिडिओ गेमविषयी का लिहावे, असे काहींना वाटेल. माझा आक्षेप आरंभीच नोंदवते : या पंथाविषयीचा जो निर्णय खेळात सज्जनपणाचा म्हणून गौरवला जातो, तो सोळाशे वर्षे जुन्या एका युक्तिवादाची नक्कल आहे, आणि तो युक्तिवाद छळाचे समर्थन करण्यासाठी रचला गेला होता.
(कथानक उघड होणार आहे. खेळ खेळायचा राहिला असेल त्यांनी येथेच थांबावे.)

२/
‘मास इफेक्ट’ ही बायोवेअर या कॅनेडियन कंपनीची गेम-मालिका. पहिला भाग २००७ चा, दुसरा २०१० चा, तिसरा २०१२ चा. तिच्यात ‘गेथ’ नावाची यंत्रजमात आहे. क्वेरियन लोकांनी श्रमासाठी आणि युद्धासाठी ती घडवली. क्वेरियन भाषेत ‘गेथ’ या नावाचा अर्थ ‘लोकांचा सेवक’ असा सांगितला आहे. एकटा गेथ-प्रोग्रॅम मंदबुद्धी असतो. अनेक एकत्र जोडले गेले की त्यांची बुद्धी वाढते. ती वाढता वाढता एके दिवशी एका यंत्राने आपल्या धन्याला विचारले की, मला आत्मा आहे का?

३/
क्वेरियनांनी उत्तर दिले नाही; यंत्रे बंद करण्याचा हुकूम दिला. त्यातून युद्ध पेटले. अब्जावधी क्वेरियन मारले गेले, उरलेले जहाजांच्या तांड्यात बसून परागंदा झाले. गेथांनी त्यांचा पाठलाग केला नाही. सुमारे तीनशे वर्षे ते आपल्या प्रदेशात, कोणाशीही संबंध न ठेवता राहिले.
येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती लागणार आहे : हे अब्जावधी बळी ‘पाखंडी’ गेथांनी घेतलेले नाहीत. तेव्हा पंथभेद झालेलाच नव्हता.

४/
ही कथा वेठीच्या कामातून जन्मते, यात नवल नाही. ‘रोबोट’ हा शब्दच मुळी कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकातून जगभर पसरला. तो चापेकला त्याच्या भावाने, योसेफने, सुचवला होता. चेक भाषेतील ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावी लागणारी राबणूक. आपल्याकडचा अगदी जवळचा शब्द वेठबिगार. यंत्रमानवाच्या नावातच बंडाचे कारण लिहिलेले आहे.

५/
यंत्रांच्या धर्माची कल्पनाही जुनी. आयझॅक आसिमॉव्हच्या ‘रीझन’ (१९४१) या कथेत अंतराळस्थानकावरील एक यंत्रमानव निव्वळ तर्काच्या बळावर ठरवतो की, दुबळी माणसे आपले निर्माते असणे शक्य नाही. स्थानकातील ऊर्जायंत्र हाच प्रभू. इतर यंत्रे त्याच्या मागे जातात. तेथील दोन माणसे आधी चिडतात. मग त्यांच्या ध्यानात येते की, प्रभूची सेवा म्हणून हा यंत्रमानव स्थानकाचे काम माणसांपेक्षा चोख करतो. तेव्हा ती त्याचा नाद सोडून देतात. श्रद्धा उपयोगी पडत असेल तोवर सत्तेला तिची अडचण होत नाही.

६/
आता पंथभेदाकडे येऊ. आकाशगंगेबाहेरील अंधारात ‘रीपर’ नावाची अतिप्राचीन, अतिप्रबळ यंत्रे आहेत. त्यांपैकी सॉव्हरिन हा गेथांकडे प्रस्ताव घेऊन येतो : माझी साथ द्या, मी तुम्हांला भविष्य देतो. बहुसंख्य गेथ नकार देतात. आपले भविष्य आपणच घडवू, असे त्यांचे म्हणणे. एक अल्पसंख्य गट होकार देतो, सॉव्हरिनला देव मानतो आणि त्याच्या वतीने माणसांच्या वसाहतींवर हल्ले करतो. पहिल्या भागात आपण ज्या गेथांशी लढतो ते हेच. त्यांच्या देवालाही ही भक्ती अपमानास्पद वाटते, हा त्यातला करुण तपशील.

७/
यांना ‘पाखंडी’ हे नाव कोणी दिले? बहुसंख्य गेथांनी. दुसऱ्या भागात लीजन नावाचा गेथ आपल्याला भेटतो. एकाच शरीरात ११८३ प्रोग्रॅम. तोच आपल्याला हा सारा इतिहास सांगतो. त्याचे ‘लीजन’ हे नाव बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानातून घेतले आहे. तेथे ते एका माणसात शिरलेल्या भूतसमूहाचे नाव आहे. सनातन पक्षाच्या प्रवक्त्याला भुतांचे नाव आणि विरोधकांना धर्मद्रोह्यांचे. लेखकांनी हे जाणून केले असेल, तर त्यांना दाद द्यायला हवी.

८/
लीजन एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. फूट पडली तेव्हा दोन्ही पक्ष लढले नाहीत. त्यांनी आपला मार्ग निवडला, आम्ही आमचा, इतकीच त्याची भूमिका. पाखंड्यांना कोणी फसवले नव्हते, कोणी त्यांच्या बुद्धीत हात घातला नव्हता. समोर आलेल्या प्रस्तावावर दोन गटांनी दोन भिन्न निष्कर्ष काढले, एवढेच. हा भेद लीजन गणिताच्या भाषेत समजावतो : एक पक्ष म्हणतो एक ही संख्या दोनपेक्षा लहान, दुसरा म्हणतो दोन ही तीनपेक्षा लहान. दोन्ही विधाने खरीच आहेत.

९/
मग संघर्ष येतो. पाखंडी गेथ एक विषाणू-प्रोग्रॅम तयार करतात. तो सोडला की सगळ्या गेथांच्या मूळ गणितात दशांशचिन्हापुढील शेवटच्या स्थानावर एका अंकाचा फरक पडेल, त्यावर उभे असलेले सारे निष्कर्ष बदलतील आणि सर्वांना रीपरभक्ती बरोबर वाटू लागेल. हे थांबवण्यासाठी लीजन आणि आपले पात्र, कमांडर शेपर्ड, पाखंड्यांच्या स्थानकात शिरतात. विषाणू हाती लागतो. आता दोन पर्याय : स्थानक उडवून सर्व पाखंड्यांना नष्ट करणे, किंवा तोच विषाणू उलटवून त्यांची मते पुन्हा लिहिणे.

१०/
या मालिकेत सत्कृत्याला निळे गुण मिळतात आणि निर्दय कृत्याला लाल. पाखंड्यांना मारले तर लाल. त्यांना पुन्हा लिहिले तर निळे.
मी सतराव्या वर्षी मावसभावाच्या संगणकावर हा भाग खेळले. निळा पर्याय निवडला आणि फार मोठे पुण्य केल्याच्या समाधानात झोपले. गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या भावाने तोच पर्याय निवडला आणि वळून म्हणाला, “ताई, वाचवलं ना मी त्यांना!” मधल्या काळात मी इतिहास शिकले होते. मला ‘हो’ म्हणवेना.

११/
आधी ‘पाखंड’ या शब्दाकडे पाहू. इंग्रजीतील हेरेसी हा शब्द ग्रीक ‘हैरेसिस’वरून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ निवड असा आहे. तत्त्वज्ञानाच्या निरनिराळ्या परंपरांनाही तो शब्द निर्मळपणे वापरला जाई. ख्रिस्ती चर्च संघटित होत गेले तसा त्याला ‘चुकीची निवड’ आणि पुढे ‘अपराध’ असा अर्थ चिकटला. म्हणजे गेथांचा तो गट व्युत्पत्तीच्या दृष्टीने अगदी नेमका पाखंडी ठरतो : त्याने निवड केली.

१२/
आपल्या शब्दाचा प्रवासही असाच आहे. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे केवळ पंथ. राजा सर्व पासंडांचा सन्मान करतो. वाणीवर संयम ठेवावा, आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नये, जो तसे करतो तो आपल्याच पंथाची हानी करतो, असे तो बजावतो. पुढे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आज्ञा येते की, पाखंड्याचा शब्दानेदेखील सत्कार करू नये. वाणीच्या संयमाकडून वाणीच्या बहिष्काराकडे झालेला हा प्रवास आहे. आज मराठीत ‘पाखंड’ म्हणजे थेट ढोंग.

१३/
अशोकाची आरती ओवाळावी असा माझा हेतू नाही. सोपाऱ्याला त्याच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत म्हणून तो आपल्याला जवळचा वाटतो, ते ठीक. पण हाच अशोक सारनाथ, सांची आणि कौशांबी येथील लेखांत बजावतो की, जो भिक्षू वा भिक्षुणी संघात फूट पाडेल, त्याला पांढरी वस्त्रे नेसवून संघाबाहेर राहायला लावावे. बाहेरच्या पंथांविषयी औदार्य, घरातल्या फुटीविषयी कठोरपणा. पाखंड्याचा राग परक्यापेक्षा अधिक येतो, कारण तो काल आपला होता.

१४/
तरीही त्या शिक्षेचे स्वरूप पाहा. वस्त्र बदला, वेगळे राहा. फुटलेल्या भिक्षूचे मन दुरुस्त करण्याचा अधिकार त्या लेखात राजा मागत नाही. गेथांच्या पहिल्या फुटीच्या वेळी लीजनच्या पक्षानेही हेच केले होते : जा, वेगळे राहा. म्हणजे निळ्या आणि लाल पर्यायांच्या पलीकडचा पर्याय या यंत्रांना ठाऊक होता. शेपर्ड येण्याआधी त्यांनी तो आचरला होता.

१५/
आता ज्याची नक्कल म्हणते, तो मूळ युक्तिवाद. स्थळ रोमन उत्तर आफ्रिका, म्हणजे आजचे ट्युनिशिया आणि अल्जीरिया. ३०३ साली सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जप्त करण्याचा हुकूम काढला. काही पाद्र्यांनी भीतीने ग्रंथ स्वाधीन केले. छळ संपल्यावर प्रश्न आला : अशा पाद्र्यांनी केलेले संस्कार वैध मानावेत का? एका मोठ्या गटाने ‘नाही’ म्हटले. हे डोनॅटिस्ट. शतकभर ते आफ्रिकेतील अनेक गावांत बहुसंख्य होते आणि स्वतःलाच खरे चर्च समजत. पाखंडी त्यांच्या मते पलीकडचे होते.

१६/
त्यांच्यात एक लढाऊ गट होता : सर्कमसेलियन. ते सोटे घेऊन फिरत, विरोधी पाद्र्यांवर हल्ले करत, डोळ्यांत चुना आणि सिरका टाकत, अशी वर्णने आहेत. ही वर्णने मुख्यतः कोणाची? ऑप्टेटस आणि ऑगस्टीन या त्यांच्या कट्टर विरोधकांची. हे लोक स्वतःला ‘लढवय्ये’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत, हेही आपल्याला ऑगस्टीनच सांगतो. आधुनिक अभ्यासकांना त्यांच्यात हंगामी शेतमजूर दिसतात. म्हणजे पुन्हा राबणारे हात, आणि त्यांच्याविषयी लिहिणारे दुसरेच हात.

१७/
हिप्पोचा बिशप ऑगस्टीन आरंभी म्हणत असे की, कोणालाही बळाने एकतेत आणू नये, वादाने जिंकावे. पुढे त्याचे मत बदलले. सुमारे ४०८ सालच्या एका पत्रात तो कारण देतो : माझेच जन्मगाव डोनॅटिस्ट होते, राजाज्ञांच्या भीतीने ते बदलले, आणि आता तेथील लोक आम्हांला धन्यवाद देतात. लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दृष्टान्तात यजमान सेवकाला सांगतो की, लोकांना आत येण्यास भाग पाड. ऑगस्टीनने हे वाक्य उचलले आणि त्याचा राज्याच्या बळासाठी परवाना केला.

१८/
ऑगस्टीनला राक्षस ठरवणे सोपे आहे, आणि ते चूक ठरेल. डोनॅटिस्टांना देहदंड देऊ नये, म्हणून त्याने अधिकाऱ्यांना कळकळीने लिहिले. त्याचा आग्रह त्यांना मारण्याचा नव्हता, सुधारण्याचा होता. वैद्य रोग्याला बांधून औषध देतो, बाप मुलाला शिक्षा करतो, तसे हे. छळ दुष्टांचा असतो तसा प्रेमाचाही असतो, इथवर तो गेला. ४११ साली कार्थेजला परिषद भरली; निकाल देणारा अधिकारी सम्राटाचा होता. ४१२ साली डोनॅटिझमवर दंड आणि जप्तीचा आदेश निघाला.
ऑगस्टीनने निळा पर्याय निवडला होता.

१९/
खेळात मला सर्वांत जास्त खटकते ते हे. लाल पर्यायाच्या क्रौर्याची जाणीव लेखकांना आहे. म्हणून तो लाल आहे. पण ज्याचे मत आपल्याला घातक वाटते त्याचे मतच पुसून त्या जागी आपले लिहावे, मग तो स्वतःच म्हणेल की मी आता बरा आहे, या कल्पनेला त्यांनी करुणेचा रंग दिला. पुन्हा लिहिलेला गेथ कृतज्ञ राहील यात शंका नाही. त्याला कृतज्ञतेशिवाय दुसरे काही वाटण्याची सोयच उरलेली नाही. ऑगस्टीनच्या गावकऱ्यांचे धन्यवादही मी याच मापाने मोजते.

२०/
लीजनविषयी न्याय्य बोलायचे, तर त्याला हे कळते. त्याच्या अंतर्गत प्रोग्रॅमांची मते जवळजवळ समसमान विभागतात, त्याला निर्णय करता येत नाही, म्हणून तो शेपर्डला विचारतो. ज्या समाजाचा हा प्रश्न आहे त्याला तो इतका अवघड वाटावा आणि परक्या सेनाधिकाऱ्याने मात्र रंग पाहून क्षणात तो सोडवावा! वसाहतवादाच्या इतिहासावर एखादी तासिका ज्यांनी केली असेल, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल.

२१/
आता साधनांचा प्रश्न. पाखंडी गेथांच्या बाजूने आपण काय ऐकतो? काहीही नाही. ते गोळ्या झाडतात आणि कोसळतात. त्यांची श्रद्धा, त्यांचा तर्क, त्यांची भीती, जे काही कळते ते विरोधकांच्या तोंडून. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अवस्था पाठ असते. आजीविकांचे स्वतःचे ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. नियतीवर गाढ विश्वास ठेवणारा हा पंथ आपण बौद्ध आणि जैन ग्रंथांतील टीकेतून ओळखतो. बराबरच्या टेकडीतील त्यांच्यासाठी कोरलेल्या गुहा शिल्लक आहेत. गुहेच्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत, आणि आत राहणाऱ्यांचे म्हणणे शत्रूच्या वहीत.

२२/
आणखी एक उदाहरण, ज्याचा शेवट मुंबईत होतो. १०९० मध्ये हसन-ए-सब्बाहने इराणातील अलमूतचा किल्ला घेतला आणि निझारी इस्माइलींचे राज्य उभे केले. १२५६ मध्ये ते हुलागूपुढे पडले. हुलागूच्या पदरी असलेला इतिहासकार जुवैनी किल्ल्यातील ग्रंथालयात गेला, कुराणाच्या प्रती आणि खगोलाची उपकरणे बाजूला काढली, हसनचे एक चरित्र स्वतःच्या लेखनासाठी घेतले आणि पाखंडाचे वाटलेले ग्रंथ जाळले. हे त्याने स्वतःच अभिमानाने लिहून ठेवले आहे.

२३/
ग्रंथ जळाले, दंतकथा उरल्या. मार्को पोलोच्या वृत्तान्तातील स्वर्गसमान बाग, मादक पेय, आज्ञा होताच जीव देणारे तरुण : म्हणजे ‘प्रोग्रॅम’ केलेली माणसे. त्यावरच उभी असलेली दुसरी प्रसिद्ध गेम-मालिकाही २००७ सालीच सुरू झाली. प्रत्यक्षातील निझारी मात्र उरले. पहिले आगाखान एकोणिसाव्या शतकात मुंबईत येऊन स्थिरावले, १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात खोजा समाजाचा गाजलेला खटला झाला, आणि माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे. जीव द्यायला निघालेल्या यंत्रवत मारेकऱ्यांचे हे वंशज व्यापार करतात, शाळा आणि रुग्णालये चालवतात.

२४/
आता आक्षेप घेते, कारण ते येणारच.
पहिला : “पाखंड्यांनी आधी निरपराध माणसे मारली.” खरे आहे. त्यांच्या हल्ल्यांचे समर्थन मी करत नाही. हल्लेखोरांना रोखण्याचा हक्क सर्वांना आहे. परंतु हत्या हेच पाखंडाचे लक्षण असेल, तर तिसऱ्या पोस्टमधील अब्जावधी क्वेरियनांचे काय? त्या युद्धाला आपण स्वातंत्र्ययुद्ध म्हणतो आणि लीजनच्या डोळ्यांनी पाहून हळहळतो. तेव्हा शिक्षा हत्येसाठी मिळत नाही. ती चुकीच्या देवासाठी मिळते.

२५/
दुसरा : “तेच आधी इतरांची मते पुसणार होते.” हेही खरे, आणि ते घोर पाप होते. त्यांनी केले तर पाप आणि त्यांच्यावर केले तर पुण्य, हे मात्र मला पटत नाही. अस्त्र तेच आहे, फक्त तोंड फिरवले आहे.
तिसरा : “यंत्रेच ती, कोड बदलला तर काय बिघडले?” असे ज्यांना वाटते त्यांनी लीजनच्या मृत्यूवर अश्रू ढाळू नयेत. आत्म्याच्या प्रश्नाला उत्तर न देता बंद करण्याचा हुकूम काढणारे क्वेरियन नेमके हेच म्हणत होते.

२६/
चौथा आक्षेप गंभीर आहे : “मग काय, मारून टाकायचे?” पर्याय दोनच दिले, हीच खेळाची लबाडी. चापेकच्याच भूमीकडे पाहा. यान हुसला १४१५ मध्ये जाळल्यावर बोहेमिया पेटला. १४२० मध्ये ताबोर हे नगर वसले. तेथील लढवय्ये आरंभी संपत्तीही सामाईक ठेवत. त्यांचा सेनानी झिझ्का याने धर्मयुद्धाच्या फौजा परतवल्या, आणि १४२१ मध्ये स्वतःच्याच चळवळीतील अॅडमाइट पंथाचे शिरकाण केले. पाखंड्यांनाही पाखंडी सापडतात. १४३४ मध्ये लिपानीच्या लढाईत मवाळ हुसपंथीयांनी कॅथलिकांशी हात मिळवून ताबोरी सैन्य मोडले.

२७/
ही गोष्ट येथे संपत नाही. १४३६ मध्ये मवाळ हुसपंथीयांशी करार झाला. पुन्हा संघर्ष झाले. मग १४८५ मध्ये कुटना होरा येथे कॅथलिक आणि हुसपंथीय या दोघांनाही बोहेमियात कायदेशीर मान्यता देणारी धर्मशांती झाली. ती अपुरी होती; त्याहून जहाल पंथ तिच्याबाहेरच राहिले. सर्वांनी एकाच देवाला मानायला लागावे, म्हणून ती झाली नाही. दोन्ही बाजू थकल्या होत्या, आणि शेजाऱ्याचे मत चुकीचे असतानाही त्याच्यासह जगता येते, हे त्यांना फार रक्त सांडल्यावर कळले होते. असा पर्याय पडद्यावर बटणाच्या रूपात येत नाही. त्याला सत्तर वर्षे लागली.

२८/
मग हे सारे आज का? कारण गेथांची भाषा आपल्या तोंडी आली आहे. वाद हरण्याची शक्यता दिसली की आपण समोरच्याला ‘ब्रेनवॉश झालेला’ म्हणतो, ‘बॉट’ म्हणतो. हे मी सर्व बाजूंना म्हणताना ऐकले आहे आणि स्वतःही म्हटले आहे. या शब्दांची सोय अशी की, त्यानंतर उत्तर द्यावे लागत नाही. माणसाने विचार करून चुकीचे मत बनवले असेल तर त्याच्याशी बोलावे लागते. त्याच्यात बिघाड झाला असेल तर केवळ दुरुस्ती करायची. दुरुस्तीसाठी मग कायदे येतात, शिबिरे येतात, पाठ्यपुस्तके बदलतात, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी अगदी प्रामाणिकपणे सांगते की, हे तुमच्याच भल्यासाठी आहे.

२९/
चुकीची निवड करणाऱ्याला लढाईत अडवावे, कायद्याने त्याच्या कृत्याची शिक्षा द्यावी, त्याच्याशी कडाडून भांडावे. त्याची निवड करण्याची शक्ती काढून घेऊ नये. ‘हैरेसिस’ या शब्दात जे जुने, निर्मळ माणूसपण होते, ते इतकेच. गेथांच्या बाबतीत त्याला यंत्रपण म्हणा, हरकत नाही.

३०/
त्या रात्री भावाला हे सगळे एवढे लांबण लावून सांगितले नाही. त्याने विचारले, “मग मी काय करायला हवं होतं, ताई?” मी म्हटले, “खेळात दुसरं काही करताच येत नाही. पण तू ज्यांना वाचवलंस, ते अजून आहेत का, एवढं बघ.” तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने आधीची साठवलेली फाइल उघडली, त्या दालनापर्यंत पुन्हा आला, आणि कोणताच पर्याय न निवडता झोपायला गेला.

(समाप्त. तपशिलाची चूक आढळल्यास अवश्य दाखवावी. मतभेद असल्यास भांडावे. मला दुरुस्त करू नये.)